भिंतीवरचा शेवटचा हात

पुसेगाव, जि. हिंगोली
दि. २१ नोव्हेंबर १९९९

ती. निताताईंस,
ज्योतीचा सप्रेम जयभीम. वि. वि.

वॉर्डात ड्यूटी लागली म्हणून तुम्ही दिवाळीला आला नाहीत, तेव्हा आई दोन दिवस रुसून होत्या. आता रुसवा गेला आहे. मी मात्र तुमच्या पत्राला महिनाभर उत्तर दिलं नाही, कारण माझे दोन्ही हात कोपरापर्यंत मातीत होते. आई शेजारच्या आशाबाईला सांगतात, सुनेनं बारावीपर्यंत शाळा शिकून शेवटी शेणमातीचंच काम काढलं.

आमचं नवं घर तुम्ही मे महिन्यात पाहिलं होतं. वर पत्रे, आत उघड्या विटा, आणि दुपारी असं तापायचं की शितलला घेऊन मी लिंबाखाली जाऊन बसायची. यंदा तुमच्या भावानं सिमेंटचा गिलावा करून वरून ऑइल पेंट मारायचं ठरवलं होतं. मी म्हणाले, मला आतून माती पाहिजे. ते हसले. म्हणाले, आमच्या बापानं जन्मभर मातीच्या घरातून निघायचं सपन पाहिलं, अन् तू विटांवर माती लावायला निघाली. ताई, त्यांचं म्हणणं मला कळत होतं. पण तुम्हीच लिहिलं होतं ना, परभणीच्या तुमच्या डॉक्टरीणबाईंनी बंगल्यातली एक भिंत हौसेनं मातीची करून घेतली, आणि लोक ती बघायला येतात. मग आपल्याला तर माती फुकट आहे, आणि लावणारे हातही जवळच आहेत.

ते हात म्हणजे तांड्यावरच्या जिवनबाई. साठीच्या असतील. आसपासच्या गावांत कुणाची भिंत लिंपायची असली की त्यांनाच बोलावतात. त्यांनी आधी काळ्या मातीत गव्हांड्याचा भुसा आणि शेण कालवून जाड थर दिला, तो आठ दिवस वाळू दिला, मग बारीक मातीचा दुसरा. सगळ्यात वर जुन्या गावठाणाच्या पांढरीवरची पांढरी माती, तीनदा चाळून. खालून हातभर उंचीचा गेरूचा पट्टा काढला, त्याच्यावर बोटानं पोपट आणि कणसं उठवली, आणि पोपटाच्या डोळ्यांत आरशाचे तुकडे बसवले. पत्र्याखाली आम्ही बांबूच्या तट्ट्या बांधल्या. मी अंबाडीच्या दोरीनं शिंकी केली, पलंगाच्या बाजूच्या भिंतीला शिंदीची चटई लावली. आता घरात शिरलं की थंड वाटतं, आणि एक भिजलेला वास येतो. शितल दिवसभर जिवनबाईंच्या पाठीला चिकटून असायची. तीन वर्षांचं लेकरू, पण त्यांना आजी म्हणून हाक मारते आणि आईंना मात्र कमलबाई म्हणते. आईंना ते बिलकूल पसंत नाही.

दि. २४. पत्र टाकायचं राहून गेलं, ते बरं झालं का वाईट, कळत नाही. काल दुपारी शितल खेळता खेळता आडवी झाली. डोळे वर गेले, दात बसले, हातपाय लाकडासारखे ताठ. मोजून दोन मिनिटं असेल, पण मला वाटलं गेली. आईंनी कांदा हुंगवला, तूप पाजलं. मग ती रडली आणि झोपली. आज बरी आहे. ताप नव्हता, ताई. तापात असं होतं हे मला माहीत आहे. ताप नव्हता. हे तिकडं सिद्धेश्वरच्या शाळेवर आहेत, शनिवारी येतील. तुम्ही लवकर लिहा. बूथवरून बोलायचं म्हटलं तर ओरडून बोलावं लागतं, आणि सगळा बाजार ऐकतो.

आपली माया आहेच, ती धीर देणाऱ्या चार ओळींतून पाठवा.
आपली,
ज्योती


परभणी
दि. २९ नोव्हेंबर १९९९

चि. सौ. ज्योतीस,
अ. आ. आणि जयभीम. वि. वि.

तुझं पत्र वाचताना पहिली दोन पानं मी हसत होते. आपल्या बाबांनी शेणाच्या वासाला कंटाळून गाव सोडायचं ठरवलं होतं, आणि त्यांची सून तोच वास पुन्हा घरात घेऊन आली. शेवटचं पान वाचलं आणि हसू गेलं.

घाबरू नकोस असं मी लिहिणार नाही, कारण तू घाबरणारच. पण आकडी हा आजार आहे, त्याला औषध आहे, आणि लहान लेकरांत तो पुष्कळदा बरा होतो. पुन्हा झालं तर तिला कुशीवर कर, तोंडात काही घालू नकोस. कांदा नको, तूप नको. आईला म्हणावं, नर्स लेकीचं एकदा तरी ऐक. भीमराजला रजा मिळो न मिळो, तू पोरीला घेऊन इकडे ये. हिंगोलीपर्यंत जीपनं, पुढे एसटीनं. आमच्या दवाखान्यातल्या लेकरांच्या डॉक्टरांना मी सांगून ठेवते. दहा-बारा दिवस राहायच्या तयारीनं ये.

तुझी भिंत बघायला मी नक्की येणार आहे. तोवर तिच्यावरचे पोपट सांभाळ, आणि स्वतःलाही.
तुझी,
निताताई


पुसेगाव
दि. २४ डिसेंबर १९९९

ती. निताताईंस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

तुमच्याकडून येऊन आज नऊ दिवस झाले. तुमच्या घरी अकरा दिवस राहिलो, शितलला एकदाही काही झालं नाही. डॉक्टरांनी मशिनवर डोक्याची पट्टी काढली, तीही चांगली निघाली. तुम्ही एसटीत बसवून दिलंत तेव्हा मी मनात म्हटलं, सुटलो.

इथं आल्यावर चौथ्या दिवशी पुन्हा झालं. भाकरी खाऊन पलंगावर बसली होती. मी चुलीपाशी. आवाज आला म्हणून वळले तर तोंडातून फेस. या वेळी जास्त वेळ चाललं. आणि परवा पुन्हा. डॉक्टरांनी दिलेलं औषध मी बराबर वेळेवर देते, एक दिवस चुकला नाही.

आता लोक काय बोलतात ते लिहिते. तुम्ही रागवाल, पण लपवून काय करू. आशाबाई म्हणाली, परभणीत लेकरू चांगलं राहतं अन् इथं आलं की पडतं, म्हणजे खोट लेकरात न्हाई, घरात हाय. मग कुणीतरी म्हणालं, घर तर मागच्या वर्षापासून आहे, यंदा नवं काय झालं. यंदा नवी भिंत झाली. भिंत कुणी लिंपली. ताई, इतकी सरळ गोष्ट तिथपर्यंत गेली की मला मध्ये कुठं थांबवता आली नाही.

आपल्या गल्लीच्या तोंडावर उकंडराव राहतात ना, लोक त्यांच्याकडे करणी बघायला जातात. आईंनी त्यांना बोलावलं. मी नको म्हणाले. पण जोरानं म्हणाले नाही. बाबासाहेबांच्या फोटोखाली बसून त्यांनी लिंबू कापलं आणि मी पदर तोंडाशी धरून बघत राहिले. लग्न होऊन आले तेव्हा आपल्या जुन्या घरात तुम्ही मला सांगितलं होतं, आपण असलं काही मानत नाही. मानत नाहीच. पण लेकरू तोंडातून फेस काढतं तेव्हा माणूस काय काय मानायला तयार होतं, ते मला आता कळलं.

उकंडराव भिंतीवर हात फिरवून म्हणाले, ह्या मातीत भानामती मळलेली हाय. जिवनबाईचं नाव त्यांनी घेतलं नाही. घ्यायची गरजच नव्हती. जिवनबाईंना झालेल्या लेकरांपैकी एक तेवढं जगलं, बाकीची गेली, ही गोष्टही आता लोकांना आठवली आहे. काल त्या बाजारातून येताना शितलला बघायला दारात आल्या, तर आईंनी दार लावून घेतलं. मी आत उभी होते. बाहेरून त्या विचारत होत्या, काहून दार लावलं, पोरगी बरी हाय का.

मला रोज भिंतीकडे बघायची भीती वाटते. संध्याकाळी चिमणी लावली की पोपटांचे डोळे चमकतात. तेच मी हौसेनं बसवून घेतले होते. ताई, तुम्ही म्हणाल ते करते, पण लवकर सांगा.

तुमच्या पत्राची वाट बघणारी,
ज्योती


परभणी
दि. २९ डिसेंबर १९९९

चि. सौ. ज्योतीस,
अ. आ. वि. वि.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. रागावले आहे, पण ते नंतर बघू. आधी कामाचं.

आशाबाई एक गोष्ट बरोबर बोलली. माझ्याकडे काही होत नाही आणि तुझ्याकडे होतं. भानामतीला एसटीचं तिकीट लागत नाही, ती परभणीलाही आली असती. तेव्हा तुझ्या घरात असं काहीतरी आहे जे माझ्या घरात नाही, आणि ते पोरीच्या पोटात जातंय. मी डॉक्टरांशी बोलले. त्यांनी विचारलेलं जसंच्या तसं लिहिते. पोरगी माती खाते का? पुष्कळ लेकरं लपून खातात, आईला कळत नाही. भिंती, कोपरे, पलंगामागची जागा नीट बघ. पाणी कुठलं? धान्याला लावायच्या गोळ्या कुठं ठेवता? आणि त्या भिंतीत काय काय घातलं आहे? एकूण एक वस्तू लिही. क्षुल्लक वाटली तरी लिही.

जिवनबाईच्या केसाला धक्का लागता कामा नये. मी नोकरीला लागले त्याच्या पहिल्याच वर्षी आमच्या वॉर्डात अशी एक म्हातारी आणली होती. लोकांनी तिचे दात पाडले होते. मी तिच्या तोंडातला कापूस बदलत असे. तिची नात दवाखान्याच्या जिन्यात बसून असायची. त्या म्हातारीनं काहीही केलेलं नव्हतं. तुला घाबरवायला लिहीत नाही. नाही, खरं म्हणजे घाबरवायलाच लिहिते.

उत्तर उलट टपाली पाहिजे.
काळजीत असलेली,
निताताई


पुसेगाव
दि. ४ जानेवारी २०००

ती. निताताईंस,
जयभीम. वि. वि.

तुमचं पत्र काल मिळालं. आज सकाळी आई पाण्याला गेल्यावर मी पलंग ओढला आणि भिंतीवरची शिंदीची चटई वर केली.

चटईच्या मागं भिंत खाल्लेली आहे. शितल पलंगावर बसली की तिचा हात जिथं पोचतो, बरोबर तेवढ्या जागेत. पांढरा थर गेला आहे आणि खालची माती दिसते. बारीक बारीक नखांचे ओरखडे आहेत, आणि एका ठिकाणी बोटानं पाडलेलं भोक. शितल येऊन म्हणाली, आई, ते माझं हाय. मी तिचं तोंड उघडून बघितलं. दातांना पांढरं लागलेलं होतं.

तुम्ही सगळं लिहायला सांगितलं म्हणून लिहिते. पाणी आडाचंच, तुमच्या वेळचंच. धान्याच्या गोळ्या आम्ही वापरत नाही, लिंबाचा पाला घालतो. भिंतीत काळी माती, पांढरी माती, शेण, गव्हांडा, गेरू, डिंकाचं पाणी.

आणि एक. काम संपत आलं होतं तेव्हा तट्ट्यांच्या बांबूला वाळवी लागलेली दिसली. मी जिवनबाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, लिंबाचा पाला उकळून शिंपड, पुरे व्हतं. मला तेवढ्यावर विश्वास बसेना. यांनी हिंगोलीहून वाळवीची पावडर आणली होती, पांढरी, डब्यातली. ती मी जिवनबाई घरी गेल्यावर पांढऱ्या मातीत कालवली आणि भिंतीला शेवटचा हात माझ्या हातानं दिला. जिवनबाईंना सांगितलं नाही, त्यांना वाईट वाटेल म्हणून. चार दिवस वास आला, मग गेला. वास गेला म्हणजे जोर गेला असं मी समजले. ताई, हे तर नसेल ना? डब्यावर कवटीचं चित्र होतं, पण तसं ते सगळ्याच डब्यांवर असतं.

शितलला आजपासून मी आशाबाईकडे ठेवलं आहे. कारण कुणाला सांगितलेलं नाही.

परवा गुरुवारी अमावास्या आहे. उकंडराव म्हणतात, जिनं लावलं तिनंच येऊन काढून घ्यावं. तांड्यावर निरोप गेला आहे. हे शनिवारशिवाय येत नाहीत. तुमचं उत्तर तोवर पोचणार नाही हे मला कळतं, तरी लिहिते.

ज्योती


तार
परभणी, ७ जानेवारी २०००

ज्योती, पुसेगाव. पावडर जहर आहे. आकडी त्याचीच. शितलला घरात नेऊ नको. दूध तूप देऊ नको. कुणालाही भिंतीला हात लावू देऊ नको. निघते आहे. निता


पुसेगाव
दि. ९ जानेवारी २०००

ती. निताताईंस,
जयभीम. वि. वि.

तुमची तार काल दुपारी आली. तुम्ही हिंगोलीत एसटीतून उतरताच बातमी ऐकून सरळ तिथल्या दवाखान्यात गेलात हे यांच्याकडून कळलं. तिथं तुम्ही काय पाहिलंत ते मला माहीत आहे. ते तिथपर्यंत कसं गेलं, ते मी लिहिते. तोंडानं सांगायची माझी हिंमत नाही.

गुरुवारी सकाळी दहाच्या सुमाराला आपलं अंगण भरलं होतं. वीस-पंचवीस माणसं असतील. मला वाटलं होतं जिवनबाईंना ओढून आणतील. तसं झालं नाही. त्या आपल्या पायानं आल्या, सून पेमा बरोबर होती. त्यांनी चांगला फेट्या-घागरा आणि ओढणी घातली होती, जशी लग्नाला घालतात. अंगणात कुणाकडे न बघता सरळ आत आल्या. उकंडराव म्हणाले, तुझं तू काढून घे, म्हणजे तुला कुणी काही म्हणणार न्हाई. जिवनबाई म्हणाल्या, माझं काय हाय ते काढू. माती मी चाळली, मी मळली. हिच्यात काय न्हाई.

उकंडराव म्हणाले, न्हाई तर खाऊन दाखव.

ताई, त्या घडीला मला पावडर आठवली. आठवली म्हणणं खोटं आहे, ती माझ्या डोक्यातून दोन दिवस हललीच नव्हती. मी दारापाशी उभी होते, जिवनबाई आणि माझ्यामध्ये चार हातांचं अंतर होतं. एक शब्द पुरला असता. पण मला वाटलं, आता बोलले तर हे सगळे डोळे माझ्याकडे वळतील. लोक म्हणतील आईनंच लेकराला जहर दिलं. हे काय म्हणतील, तुम्ही काय म्हणाल. मला असंही वाटलं, आणि हे लिहायला फार जड जातंय, की त्यांनी खाल्लं आणि काही झालं नाही तर मी सुटले. म्हणून मी गप्प राहिले.

त्यांनी चटई बाजूला केली. नखांचे ओरखडे त्यांना दिसले असतील. तिथलाच पांढरा पापुद्रा मूठभर काढला, हातावर चुरला आणि खाल्ला. दुसरी मूठ काढून खाली टाकली, वरून तांब्यातलं पाणी प्यायल्या. मग अंगणात येऊन लिंबाखाली बसल्या आणि म्हणाल्या, बसा आता, बघत बसा.

लोक खरंच बसले. तासाभरानं त्यांना ओकारी झाली. हात थरथरायला लागले. पेमा ओरडली, माझ्या सासूला काय झालं ते समदं खरं सांगा; कुणाला म्हणाली कळलं नाही. आणि मग जिवनबाई आडव्या झाल्या. अगदी शितलसारख्या. तेच वर गेलेले डोळे, तेच लाकूड झालेले हातपाय.

मला वाटलं होतं लोक घाबरतील. ते खूश झाले, ताई. उकंडराव म्हणाले, बघा, तिची भानामती तिच्यावरच उलटली. दोघातिघांनी काठ्या उचलल्या. पेमा सासूच्या अंगावर आडवी पडली. कुणीतरी म्हणालं जीप बोलवा, तर दुसरा म्हणाला कशाला, पडू दे.

मी न्हाणीमागच्या खोपटात गेले आणि पावडरचा डबा घेऊन आले. तो अंगणाच्या मधोमध ठेवला. पहिल्यांदा बोलले ते कुणाला ऐकूच गेलं नाही. मग मी ओरडून सांगितलं, हे जहर मी कालवलं, भिंतीत मी लावलं, जिवनबाईला माहीत न्हाई. उकंडराव म्हणाले, मास्तरीणबाईवर पण तिनं कायतरी केलं. तेव्हा आई उठल्या. इतके दिवस त्याच सगळ्यात पुढं होत्या. त्यांनी डबा उचलून ते कवटीचं चित्र एकेकाच्या तोंडापुढं नेलं. मला लिहिता वाचता येत न्हाई, म्हणाल्या, पण हे मला बी वाचता येतं. मग त्या काठीवाल्यांच्या आणि जिवनबाईंच्या मध्ये जाऊन बसल्या. त्यांना हलवायची कुणाची छाती झाली नाही.

आशाबाईच्या दिरानं जीप आणली. मी, पेमा आणि आई, तिघी मागं. रस्त्यात जिवनबाईंना आणखी दोनदा आकडी आली. पेमा वाटेत थांबून दूध पाजू म्हणत होती. मी नको म्हणाले, का ते मला माहीत नव्हतं, तुम्ही तूप नको लिहिलं होतं एवढंच आठवलं. डबा मी मांडीवर घेऊन बसले होते, डॉक्टरला दाखवायला.

त्या जगतील का, एवढं खरं लिहा. मी पुढचं काही विचारत नाही.
ज्योती


हिंगोली
दि. १२ जानेवारी २०००

चि. सौ. ज्योतीस,
जयभीम. वि. वि.

जगतील. पोट वेळेत धुतलं गेलं. कालपासून आकडी नाही. हात अजून थरथरतात, ते किती दिवस राहील हे डॉक्टरही सांगत नाहीत. डबा आणलास हे चांगलं केलंस. औषध कशावर द्यायचं ते त्यामुळं लगेच कळलं. आणि दूध पाजू दिलं नाहीस, तेही. असलं जहर दूधतुपाबरोबर अंगात लवकर भिनतं. आई शितलला दर वेळी तूप पाजत होती, हे तिला आत्ता सांगू नकोस. मी आल्यावर सांगेन.

शितलचं रक्त कमी आहे, म्हणून ती माती खात होती. लोहाचं औषध पाठवते. भीमराजला म्हणावं, सगळी भिंत विटेपर्यंत खरवडून काढायची. आधी पाणी शिंपडायचं म्हणजे धुरळा उडणार नाही, तोंडाला फडकं बांधायचं. निघालेली माती आडापासून लांब, खोल खड्ड्यात. शेतात नको, ओढ्यात नको. तट्ट्या आणि चटईसुद्धा पुरा, जाळू नका.

आता तुझं. तू जे लिहिलंस ते मी पेमाला सांगितलेलं नाही, भीमराजलाही नाही. पत्र माझ्या पिशवीत आहे. तू अंगणात जे बोललीस ते पुष्कळ होतं, पुष्कळांना तेही जमलं नसतं. पण तासभर आधी तुझ्याकडे एक शब्द होता, आणि तो तू राखून ठेवलास. हे तुझ्या-माझ्यात राहिलं तर कुणाला कळणार नाही. मला ते तसं ठेवायचं नाही. ती बाई इथं माझा हात धरून विचारते, पोरगी बरी हाय ना, मास्तरीणबाई लई घाबरली आसन. मला तिच्या डोळ्याला डोळा देता येत नाही, तर तुला कसा देता येईल?

ती घरी परतली की तू स्वतः तिच्यापुढे जा आणि सांग. मी बरोबर येणार नाही.

कठोर लिहिलं, पण परकी असतीस तर इतकंही लिहिलं नसतं.
तुझी,
निताताई


पुसेगाव
दि. ६ फेब्रुवारी २०००

ती. निताताईंस,
ज्योतीचा सप्रेम जयभीम. वि. वि.

शितल बरी आहे. तुम्ही गेल्यापासून एकदाही झालं नाही. लोहाचं औषध कडू लागतं म्हणून पळते, आणि आई मागं मागं चमचा घेऊन. आता ती त्यांनाही आजी म्हणायला लागली आहे, तेवढ्यानं आईंचं घर भरलं.

भिंत यांनी आणि मी मिळून खरवडली. चार दिवस लागले. पोपटांवर पाणी शिंपडलं तेव्हा गेरू ओघळला आणि आरशाचे तुकडे एकेक करून खाली पडले. यांनी मला एकदाही बोल लावला नाही. फक्त एवढं म्हणाले, डबा मीच आणला होता. आता आत पुन्हा उघड्या विटा आहेत. उन्हाळा येऊन राहिला. मी सिमेंट म्हणत नाही, माती म्हणत नाही. माझ्या तोंडून कोणतंच नाव निघत नाही.

जिवनबाई तांड्यावर परतल्या त्या आठवड्यात तांड्याच्या नायकांनी बैठक बोलावली. पुष्कळ जण चिडलेले होते, आणि ते चिडणं बराबर होतं. जिवनबाईंनी सांगितलं, मला काय नको, जिथं मला जादूवाली म्हणले तिथंच, त्याच माणसांसमोर, मी न्हाई म्हणून सांगा. तसं झालं. आपल्याच अंगणात मी पुन्हा एकदा पावडरचं सगळं बोलले. आईंनी जिवनबाईंच्या पायाला हात लावला. उकंडराव आले होते, मागं उभे होते, मग निघून गेले. आशाबाईनं मात्र सगळ्यांदेखत सांगितलं की पहिलं बोट मी दाखवलं.

पण तुम्ही म्हणाला होतात ते राहिलं होतं. मी तीन वेळा तांड्याच्या वाटेला लागले आणि दोन वेळा परत फिरले. काल गेले. त्या दारात उन्हाला बसल्या होत्या, तूर निवडत. हात अजून थरथरतो, दाणा चिमटीतून निसटतो. पेमा पाण्याला गेली होती. मी समोर बसले आणि सांगितलं की तुम्ही माती तोंडात घातली तेव्हा मला माहीत होतं. पक्कं नाही, पण माहीत होतं. आणि मी स्वतःला वाचवायला गप्प राहिले. रडायचं नाही असं ठरवून गेले होते. रडले नाही.

त्यांनी चार-पाच दाणे निवडले. मग म्हणाल्या, मला बी माहीत व्हतं.

मला काही कळेना. त्या म्हणाल्या, पहिली मूठ खाल्ली अन् दुसरी हातात घेतली व्हती. मला चांगल्या तीन मुठी खाऊन दावायच्या व्हत्या, लोकाइला. घास तोंडापाशी नेला अन् तुझ्याकडं पाह्यलं. दारात उभी व्हतीस. तुझं तोंड असं झालं व्हतं जसं तुझंच लेकरू जहर खाऊन राहिलं. मग म्या ती मूठ खाली टाकली. डॉक्टर म्हणाला, आणिक जास्त गेलं असतं तर मेली असती. तू गप बसली खरं. पण तुझ्या तोंडानं सांगितलं.

मी म्हणाले, ते पुरेसं नव्हतं. त्या म्हणाल्या, न्हाई, पुरं नव्हतं. आणि पुन्हा तूर निवडायला लागल्या. माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत, मी मागितलंही नाही. थोड्या वेळानं मी सुपातली अर्धी तूर माझ्याकडे ओढली. त्यांनी ती ओढू दिली. पेमा येईपर्यंत आम्ही दोघी निवडत बसलो होतो.

तुमच्या पिशवीतलं ते पत्र आता फाडलं तरी चालेल, ठेवलं तरी चालेल. माझ्यावर रागवायचं असेल तितकं रागवा, फक्त लिहायचं थांबवू नका.
आपली,
ज्योती